पिल्लू चावतंय? पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

दोन महिन्यांचं लॅब किंवा जर्मन शेफर्ड घरी आलं की पंधरा दिवसांत सगळ्यांच्या मनगटांवर ओरखडे दिसू लागतात. आजोबांच्या पायजम्याची नाडी, आजीच्या साडीचा काठ, शाळेला निघालेल्या पोराची पोटरी, काहीच सुटत नाही. मग कुणीतरी ट्रेनरचा नंबर देतं, ट्रेनर महिन्याचे सहा-सात हजार सांगतो, आणि नगरच्या सावेडीतल्या बऱ्याच घरांत पिल्लाच्या दातांवरचा पहिला खर्च हाच होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला पैसा लसीवर जावा, दुसरा चघळायच्या वस्तूंवर. ट्रेनरचा खर्च लागलाच तर सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांना तो लागत नाही, कारण पिल्लाची दात लावायची सवय दिवसभर त्याच्याबरोबर राहणारी माणसंच मोडतात. आठवड्यातून तीनदा तासभर येणाऱ्याच्या हाती ते फारसं नसतं.

पुढे दिलेले भाव हिशेब मांडायला धरावेत. दुकानागणिक आणि डॉक्टरागणिक शंभर-दोनशे रुपये इकडेतिकडे होतील.

चावतं कशामुळे

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, बारीक आणि टोकदार. साधारण चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि तोंडात काहीतरी धरावंसं वाटत राहतं. शिवाय समोरची वस्तू कशी आहे, माणूस कसा आहे हे कुत्रं तोंडानेच तपासतं. तीन महिन्यांच्या पिल्लाने दात लावणं हा आजार नाही आणि ते पिल्लू ‘रागीट निघालं’ असाही त्याचा अर्थ नाही.

मोठं झालं की आपोआप थांबेल म्हणून सोडून देणं मात्र महागात पडतं. वय वाढतं तसा जबडाही वाढतो. किती जोराने धरलं तर समोरच्याला लागतं, हे पिल्लाने दुधाचे दात असतानाच शिकायला हवं. हा धडा खरं तर आई आणि भावंडांकडून मिळतो. खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं, खेळ सोडून निघून जातं, आणि चावणाऱ्याला कळतं की एवढ्या जोरात धरायचं नसतं. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांच्या वाड्यांवर पिल्लं आईजवळच वाढतात, तिथे हे शिकवावं लागत नाही. शहरात तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू ‘लहान आणलं की लळा लवकर लागतो’ असं सांगून विकलं जातं. त्याचं हे शिक्षण अर्धवट राहतं आणि पुढचे चार महिने ते आपल्या हातांवर पुरं होतं.

म्हणून पहिली बचत खरेदीच्या वेळीच करता येते. श्वान प्रजनन आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पावतीवर पिल्लाची जन्मतारीख आणि विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून मागा, लसीचं कार्ड ताब्यात घ्या. टाळाटाळ झाली तर तिथून निघा. जमलं तर पिल्लाची आई बघा. आईला हात लावता येत नसेल, ती दुरूनच अंगावर येत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी घेऊ नका.

आधी लस, पिल्लाची आणि माणसांची

सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली एकत्रित लस, जिला दवाखान्यात सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन म्हणतात, आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, चार महिन्यांचं होईपर्यंत. एका डोसला ७०० ते १,००० रुपये. तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, २५० ते ४०० रुपये. तिचा बूस्टर डॉक्टर सांगतील त्या तारखेला, पुढे दरवर्षी. जंताचं औषध प्रत्येक वेळी ५० ते १०० रुपये. सगळं धरून पहिल्या चार-पाच महिन्यांत साडेतीन ते पाच हजार होतात. यात काटकसर करायची असेल तर मार्ग आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या सरकारी दवाखान्यात तपासणी नाममात्र शुल्कात होते. ६ जुलै हा प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या रोगांविषयीचा दिवस आणि २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन; या दोन तारखांच्या आसपास रेबीज लसीकरणाची मोफत शिबिरं होतात. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चावण्याच्या लेखात लसीवर एवढा भर देण्याला कारण आहे. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांनंतर मिळते आणि दात लावणं त्याच्या आधीपासूनच सुरू असतं. ‘घरचंच तर आहे, एवढंसं तर आहे’ म्हणून रक्ताचा ठिपका पुसून कामाला लागणारी माणसं मी इथे पाहतो आणि मला भीती वाटते. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण राज्यस्तरीय कबड्डीपटू जून २०२५ मध्ये रेबीजने गेला. नाल्यात अडकलेल्या पिल्लाला बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. जखम किरकोळ वाटली आणि लस घेतली गेली नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही.

दात लागून कातडी फाटली किंवा नुसता ओरखडा उठला तरी आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून ती जागा पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटं धुतलं तरी आपल्याला खूप झालं असं वाटतं. हळद, चुना, तिखट, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ओरखडा असेल आणि रक्त नसेल तर लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरम किंवा अँटीबॉडीचं इंजेक्शनही लागतं. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते आणि आपल्याला जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. खासगीत एका डोसला साधारण ४०० रुपये, डोस चार किंवा पाच. सीरम लागलं तर वजनाप्रमाणे काही हजार. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. ते ठणठणीत राहिलं तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची असा याचा अर्थ कुणी घेऊ नये.

ज्या घरात पिल्लू येणार आहे त्या घराने आणखी एक खर्च आधीच करावा असं मला मनापासून वाटतं. कुत्रं चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस असते: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असे तीन डोस. माणशी १,२०० ते १,५०० रुपये होतात. ही लस घेतलेल्या माणसाला पुढे कधी दात लागला तर दोनच डोस पुरतात आणि सीरमची गरज राहत नाही. सगळ्यांना एकदम परवडत नसेल तर आधी मुलांना द्या. लहान मुलं ओरखडा लपवतात, कारण सांगितलं तर पिल्लू परत देतील अशी त्यांना धास्ती असते. बालरोगतज्ज्ञांशी आधी बोलून घ्या.

हजाराच्या आत होणारं शिक्षण

बाजारात काय घ्यायचं ते आधी सांगतो. जाड सुती दोरीचं खेळणं, १०० ते २५० रुपये. टणक रबराचं कडं किंवा आत खाऊ भरता येईल असं पोकळ खेळणं. साधं दीड-दोनशेला, नावाजलेल्या कंपनीचं ७०० च्या पुढे. एक हलका पट्टा आणि लांब दोर, ३०० पर्यंत. बस्स. खेळणं नखाने दाबून पाहा. नख थोडंही रुततच नसेल तर ते दाताला घातक. उलट, सहज तुकडा निघत असेल तर तो पोटात जाईल. पिशव्यांतून मिळणारी पांढरी गाठीची कातडी आणि घरच्या मटणाची शिजलेली हाडं दोन्ही टाळा. शिजलेलं हाड फुटून त्याच्या धारदार चिपा होतात आणि घशात किंवा आतड्यात अडकतात. तिथून पुढचा ऑपरेशनचा खर्च इतर सगळ्या खर्चांपेक्षा मोठा असतो.

फुकटातल्या वस्तू याहून चांगल्या आहेत. जुना पंचा ओला करून पिळायचा, गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये तासभर ठेवायचा. दात येताना पिल्लू तो आवडीने चघळतं, हिरड्यांना गारवा मिळतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी तर दोन पंचे आलटून पालटून वापरा. मात्र धागे निघू लागले की काढून घ्या. मोठं थंड गाजर चालतं, पण कुणीतरी समोर बसलेलं असताना. जुनी चप्पल किंवा मोजा खेळायला देऊ नका; ही चप्पल जुनी आणि ती नवी, हे पिल्लाला कळत नाही.

आता मुख्य काम. दात कातडीला लागला की हात झटकन मागे ओढायचा नाही. ओढलेल्या हातामागे पिल्लू झेपावतं आणि खेळ आणखी रंगतो. हात सैल, स्थिर ठेवायचा, ‘आई गं’ असं एकदाच म्हणायचं, खेळ थांबवायचा आणि उठून अर्धा मिनिट पाठ फिरवायची. परत यायचं, खेळायचं, पुन्हा दात लागला की पुन्हा तेच. काही पिल्लं आवाजाने जास्त चेकाळतात; त्यांच्या बाबतीत काहीही न बोलता उठायचं. सुरुवातीला फक्त जोरात चावल्यावर खेळ थांबवा. दहा-बारा दिवसांत चावण्याची धार कमी होते, मग हलका दात लागला तरी थांबवा. असं पायरी-पायरीने गेलं की पिल्लू आधी जोर आवरायला शिकतं आणि मग दात न लावायला. जोर आवरायला शिकलेलं कुत्रं पुढे कधी शेपटीवर पाय पडून दचकलं तरी सहसा खोल चावा घेत नाही. म्हणून ही पहिली पायरी गाळू नका.

पिल्लू अंगावर येण्याआधीच दोरी तोंडाजवळ न्यायची. त्यासाठी प्रत्येक खोलीत एक चघळायची वस्तू हाताशी असावी. खाण्याचा थोडा भाग रोज तळहातावरून द्या; हिसकलं तर मूठ बंद, जिभेने हळूच घेतलं तर मूठ उघडी. पाच-सहा दिवसांत फरक जाणवतो.

संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पिल्लू घरभर धावतं, सोफ्यावरून उड्या मारतं आणि दिसेल त्याला धरतं. ‘याची शक्ती जिरवायला हवी’ म्हणून लोक त्याला आणखी पळवतात. बहुतेक वेळा ते पिल्लू झोपेला आलेलं असतं. या वयात त्याला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते आणि आपल्या घरांत ती मिळत नाही: शेजारची मुलं बघायला येतात, टीव्ही चालू असतो, कुणीतरी उचलून घेतं. तासभर जागं राहिलं की दीड-दोन तास शांत कोपऱ्यात झोपवायचं, तोंडाजवळ रबराचं कडं देऊन. या एका बदलाने दात लावणं निम्म्यावर आलेली घरं मी पाहिली आहेत. त्याला एक पैसा लागत नाही.

घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. बाबा ‘नो’, आजी ‘हाड’, ताई ‘नको ना रे बाळा’, असं असलं तर पिल्लू काहीच शिकत नाही. ‘नाही’ हा एक शब्द ठरवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. मुलांनी गमतीने ‘छू’ म्हणून पिल्लाला कुणाच्या अंगावर सोडायचं नाही. त्या खेळातून शिकलेली गोष्ट सहा महिन्यांनी खरी होते. मुलांना एकच युक्ती पाठ करून घ्या: पिल्लू अंगावर आलं की झाड व्हायचं, हात छातीशी घट्ट, पाय जागेवर, नजर खाली, ओरडायचं नाही. दहा वर्षांखालच्या मुलाजवळ पिल्लू मोठ्या माणसाशिवाय एकटं ठेवायचं नाही, मग ते कितीही गरीब असो.

सगळ्या लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका. पार्वो या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि सावेडीच्या गल्ल्यांत मोकळी कुत्री भरपूर आहेत. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन गुलमोहर रोडवरून, भिस्तबागेच्या बाजूने फिरवून आणा. रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेल्या बाई, हे सगळं त्याला या वयात दिसू द्या. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पाहिलेल्या गोष्टींना कुत्रं सहसा घाबरत नाही. घाबरून घेतलेला चावा खेळातल्या चाव्यापेक्षा फार वाईट असतो.

ट्रेनर लावायचाच असेल तर

तीन-चार आठवडे सगळ्या घराने हे नेटाने केलं आणि तरी रोज रक्त निघत असेल, किंवा घरात सगळा भार एकट्या वयस्कर माणसावर असेल, तर मदत घ्या. घरी येऊन शिकवणारा ट्रेनर एका वेळेचे ५०० ते ८०० रुपये किंवा महिन्याचे ५,००० ते ९,००० घेतो. पुण्याहून बोलावला तर एका वेळेचे दीड हजार आणि जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. १२० किलोमीटरचं अंतर आहे. व्हिडिओ कॉलवर एकदा सविस्तर सल्ला घ्यायला १,००० ते २,५०० रुपये लागतात. फक्त चावण्यापुरता प्रश्न असेल तर हा शेवटचा मार्ग मला सगळ्यात किफायतशीर वाटतो, कारण त्यात कुत्र्याला नाही तर तुम्हाला शिकवलं जातं.

पिल्लू महिनाभर आपल्या जागेत ठेवून ‘तयार करून’ देणारेही आहेत, १५,००० ते २५,००० रुपयांत. चावण्यासाठी हा खर्च करू नका. पिल्लू तिथे त्या माणसाच्या हाताला दात न लावायला शिकतं. तुमच्या पोराच्या पोटरीचं काय, ते घरी आल्यावर पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात ते कुठे बांधलेलं होतं, काय खात होतं, कुणी मारलं का, हेही कळायला मार्ग नसतो.

कुत्र्यांचा ट्रेनर होण्यासाठी आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे चौकशी आपणच करायची. नगर लष्कराचं गाव असल्याने इथे ‘मिलिटरी ट्रेनिंग’ या शब्दांना वजन आहे. आपल्याकडचं आर्मर्ड कोअर सेंटर रणगाड्यांचं आहे. लष्कराची कुत्री मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. तिथे श्वानपथकात काम केलेला माणूस मिळाला तर उत्तमच, म्हणून कोणत्या पथकात होतात हे आदराने विचारावं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: ‘पिल्लू चावलं तर तुम्ही नेमकं काय करता?’ उत्तरात काठी, तोंड दाबणं, मान पकडून उताणं पाडणं, काट्यांचा किंवा विजेच्या झटक्याचा पट्टा आला तर फोन ठेवा. मार खाल्लेलं पिल्लू गुरगुरायचं बंद करतं. चावायचं बंद करतं असं नाही. मग मोठेपणी ते सूचना न देता चावतं. जनावराला मारहाण करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

‘सात दिवसांत चावणं बंद, गॅरंटी’ असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. पाच महिन्यांच्या पिल्लाचे दात पडतच असतात. महिन्याभरात ते थोडं शांत होणारच, त्याचं बिल तुम्ही का भरायचं? दर वेळेचे पैसे दर वेळी द्या, निदान पहिल्या चार वेळा. प्रत्येक वेळी घरातली दोन माणसं हजर असतील आणि शेवटची पंधरा मिनिटं पिल्लू त्यांच्या हातात असेल, असं आधीच ठरवा.

‘चावरं आहे, राखणीला चांगलं होईल’ म्हणून दात लावण्याचं कौतुक होतं, ते मला सगळ्यात जास्त खटकतं. राखणीला भुंकणारं कुत्रं लागतं. साखळीला दिवसभर बांधलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर सोडलेलं कुत्रं कुरिअरवाल्याला किंवा दूधवाल्याच्या पोराला चावलं तर मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चावलेल्याचा दवाखाना वेगळा.

खेळातलं चावणं आणि खरं चावणं यांत फरक ओळखा. खेळताना पिल्लाचं अंग सैल असतं, मागचा भाग हलत असतो. अंग ताठ होणं, नजर रोखणं, खाण्याच्या भांड्याजवळ गेलं की थिजून गुरगुरणं, एका ठरावीक जागी हात लावला की तोंड फिरवणं, ही लक्षणं वेगळी आहेत. अशा वेळी ट्रेनरआधी पशुवैद्यांकडे जा. फी २०० ते ४०० रुपये. कानातला संसर्ग, बोटांच्या बेचक्यात घुसलेले गोचीड, पोट दुखणं, यामुळे पिल्लू असं वागतं आणि औषधाने बरं होतं.

ठरलेली सेवा न देता पैसे बुडवले किंवा पिल्लाला इजा केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. सोबत पावती किंवा यूपीआयची नोंद, काय ठरलं होतं ते सांगणारे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, आणि इजा झाली असेल तर पशुवैद्यांचा तारीख घातलेला दाखला लागेल. म्हणून पहिल्या दिवशीच ट्रेनरला किती वेळा येणार, किती मिनिटं थांबणार, कोणतं साधन वापरणार आणि किती पैसे घेणार हे एका निरोपात लिहून पाठवा आणि त्याचं ‘हो’ घ्या.